सहाची टाकी

बाबांच्या श्वासात एक शिट्टी आहे. श्वास आत घेताना ती ऐकू येते, सोडताना नाही. हवा कोरडी असेल तर तिचा स्वर जरा वर चढतो, दमट असेल तर ती जवळजवळ नाहीशी होते. शाळेत असताना मी एकदा गुपचूप मोजली होती: पेपर वाचताना मिनिटाला चौदा, मालाची गाडी उशिरा आली की बावीस. ती कुठून येते हे मला पुष्कळ नंतर कळलं. नाकाच्या दोन पोकळ्यांमधला पडदा बाबांच्या बाबतीत सलग नाही. त्यात वाटाण्याएवढं भोक आहे. क्रोमच्या टाकीवर तीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाला असं भोक पडू शकतं. ते दुखत नाही. पुढे हळूहळू बाबांना वास येणंही बंद झालं. दूध उतू जाऊन करपलं तरी ते शेजारी बसून शांतपणे पेपर वाचत राहतात.

आमचं घर कारखान्याच्या वर आहे. कारखाना म्हणजे एक लांब खोली, ओळीने मांडलेल्या अकरा टाक्या, छताला लोखंडी रूळ आणि रुळावरून एका टाकीतून दुसऱ्या टाकीत उतरणाऱ्या टांगण्या. टांगण्यांना सायकलच्या घंटीच्या टोप्या अडकवलेल्या असतात. टोपी आधी धुतली जाते, मग तिच्यावर निकेलचा थर चढतो आणि दहाव्या टाकीत क्रोमचा. क्रोमचा थर केसाच्या जाडीच्या दोनशेव्या भागाइतका. लोक पैसे देतात ते या दोनशेव्या भागाचे, कारण तोच चमकतो.

क्रोमची दोन रूपं आमच्या कामाची. रसायनशास्त्रात त्यांना आकड्यांनी ओळखतात आणि कारखान्यातही तसंच म्हणतात: सहा आणि तीन. सहाचं पाणी गर्द तांबडं आणि विषारी. टाकीतून उठणारे त्याचे बारीक तुषार नाकात, हातावरच्या चिरेत, जिथे जागा मिळेल तिथे काम करत राहतात. तीनचं पाणी हिरवट काळं आणि त्या मानाने गरीब स्वभावाचं. गंमत अशी की टोपीवर चढणारा धातू दोन्हींतून जवळजवळ एकच. फरक छटेचा. सहाची चमक निळसर, तीनची किंचित पिवळट. आमची दहावी टाकी सहाची होती, आणि ती निळसर छटा म्हणजे बाबांचा जीव की प्राण.

आमच्याकडे एक पद्धत आहे. दर सोमवारी, माल टाकीत सोडण्याआधी, तळहाताएवढी एक पितळी पट्टी सगळ्या टाक्यांतून फिरवायची. तिच्या पाठीवर खिळ्याने तारीख कोरायची आणि ती भिंतीवर टांगायची. तिला साक्षीपट्टी म्हणतात. माल बिघडला, गिऱ्हाईक भांडायला आलं, तर त्या आठवड्याची पट्टी काढून दाखवता येते. दाराजवळच्या भिंतीवर दीड हजारांहून जास्त पट्ट्या आहेत. त्यांतल्या सुरुवातीच्या बहुतेक आईने टांगलेल्या. ती पट्टी खिडकीशी नेऊन जरा तिरकी धरायची आणि गजांचं प्रतिबिंब कुठे वाकतं ते बघायची. मग म्हणायची, "उजवा कोपरा उपाशी राहिलाय, विजेचा दाब बघा." बाबा बघायचे. ती कधीच चुकली नाही.

सातव्या ओळीत एक खिळा मोकळा आहे. तो आई घर सोडून गेली त्या आठवड्याचा.

मी पंधरा वर्षांची असताना एका सकाळी माझ्या नाकातून वहीवर रक्ताचे तीन थेंब पडले. ते टाकीमुळेच आले होते की नाही, हे आज मी खात्रीने सांगू शकत नाही. कोरड्या हवेतही येतात. पण आईने खात्रीची वाट पाहिली नाही. ती वही घेऊन खाली गेली आणि बाबांना म्हणाली, "अहो, ही टाकी बंद करा."

बाबा म्हणाले, "बघू. पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षीही ते हेच म्हणाले. तेव्हा आई मला घेऊन सहा तासांवरच्या गावात राहायला गेली. भांडण झालं नाही. जाताना तिने विसाव्या दिवशी बदलायच्या गाळणीची आठवणसुद्धा करून दिली. तिथे तिला चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम मिळालं. डोळा तयार होताच. त्यानंतर दोन महिन्यांनी बाबांनी पांढरे प्लास्टिकचे हजारभर चेंडू आणून दहाव्या टाकीच्या पाण्यावर पसरले. चेंडूंमुळे तुषार कमी उठतात. आई ते दोन वर्षं मागत होती.

त्याला चौदा वर्षं झाली. मी रसायनशास्त्र शिकले आणि सहा वर्षांपूर्वी परत आले, प्रयोगशाळा सांभाळायला. निघताना आई म्हणाली, "तुला तिथून बाहेर काढलं ते परत आत जायला?" मी म्हटलं, "मी आतून बंद करते, बघ." त्यावर तिने माझ्या चष्म्याची काच पुसून दिली.

दर रविवारी सकाळी दहाला तिचा फोन येतो. पहिला प्रश्न नेहमी एकच. "वारा कुठून आहे?" वारा कारखान्याकडून घराकडे असेल तर मी खिडक्या लावल्यात का, एवढंच तिला विचारायचं असतं. बाबा त्या वेळी समोरच्या खुर्चीत पेपर घेऊन बसतात. वीस मिनिटांच्या फोनमध्ये ते एकही पान उलटत नाहीत. मी नेहमी बघते.

मग नवा कर आला. सांडपाण्यातल्या क्रोमवर, ग्रॅमच्या हिशोबाने. पहिल्या वर्षी सोसवेल असा, दुसऱ्या वर्षी दुप्पट, चौथ्या वर्षी चौपट. गटाराच्या तोंडाशी अधिकाऱ्यांनी एक कुलूपबंद पेटी बसवली. ती दर तासाला घोटभर पाणी ओढून बाटलीत साठवायची. पॉलिशच्या चाकावर बसणाऱ्या काकांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव मावशी ठेवलं. टांगणी धुताना कुणी जास्त पाणी सांडलं की चाकावरून आवाज यायचा, "हळू रे बाबांनो! मावशीच्या घशात जाईल!"

मी बाबांसमोर एक कागद ठेवला. त्यावर तीन रकाने होते.

"पहिला, आहे तसं चालू ठेवायचं आणि कर भरायचा. दोन वर्षांत कंबर मोडेल."

"दुसरा?"

"शेवटाला एक शुद्धीकरणाचा संच लावायचा. सांडपाण्यात रसायन घालून सहाचं तीन करायचं, चुना घालून खाली बसवायचं, गाळ वेगळा काढायचा. दहावी टाकी तशीच राहील. कर नऊ-दशांश कमी होईल."

बाबांची शिट्टी जरा मंदावली. "तिसरा?"

"सहाची टाकी रिकामी करायची. तिथे तीनची. नवं द्रावण, नवे धनाग्र, नवा वीजपुरवठा. महाग आहे. छटा बदलेल."

"मग दुसरा."

"दुसऱ्यात गटार स्वच्छ होतं, बाबा. हवा नाही. मावशी पाणी पिते, श्वास घेत नाही."

बाबांनी कागदाची घडी घातली आणि चष्म्याच्या खिशात ठेवली. "बघू," म्हणाले.

बाबांच्या 'बघू'ची कारखान्यात ख्याती आहे. पंख्याचं बघू चार वर्षं चाललं, छताचं नऊ. काका म्हणतात, "मालकांनी 'बघू' म्हटलं की समजायचं, आता आपल्या नातवंडांनी बघायचं."

पंधरवड्याने घंट्यांच्या कंपनीच्या खरेदीवाल्या बाई आल्या. आमचा अर्धा माल त्यांच्याकडे जातो. त्यांनी टेबलावर दोन घंट्या ठेवल्या. एक आमची, दुसरी कुठल्या तरी दूरच्या कारखान्याची, तिच्यावर पानाच्या आकाराची हिरवी चिठ्ठी. सहाशिवाय केलेल्या मालालाच ती चिठ्ठी मिळते.

"मालक, आम्ही दुकानात एक गंमत करून पाहिली," बाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी दोन्ही घंट्या बिनचिठ्ठीच्या ठेवल्या. शंभरातल्या त्र्याहत्तर जणांनी तुमची उचलली."

बाबांनी खुर्चीत पाठ सरळ केली.

"दुसऱ्या दिवशी चिठ्ठी लावली. एकसष्ट जणांनी ही दुसरी उचलली. दहा टक्के जास्त दर देऊन."

"म्हणजे डोळ्यांनी बघतात तेव्हा माझी घेतात," बाबा म्हणाले, "आणि वाचतात तेव्हा ही दुसरी."

"आता वाचणारंच गिऱ्हाईक आहे हो सायकलचं." बाईंनी पिशवीतून एक पत्र काढलं. "हे बघा. एक आई लिहिते, माझी मुलगी पुढच्या सीटवर बसते आणि रस्ताभर घंटी चाटते. तुमच्या घंटीत विष नाही ना?"

मी म्हटलं, "चाटून काही होत नाही. वरचा थर दोन्हींचा सारखाच, नुसता धातू. विष टाकीत असतं."

"ते तुम्हाला माहीत. तिला काय माहीत?" बाई म्हणाल्या. "तिला पोर दिसते आणि घंटी दिसते. हे बघा मालक, या हंगामात मला चिठ्ठीचा एकच पुरवठादार घ्यायचा आहे. पहिला येईल त्याला वाढीव दर. तुम्ही नाही तर तुमचे समोरचे."

समोरचे म्हणजे रस्त्यापलीकडचा कारखाना. बाबा त्या मालकांना फक्त समोरचे म्हणतात आणि ते बाबांना. दोघं सकाळी आपापल्या पायरीवर चहा घेतात, एकमेकांना मान डोलावून दाखवतात आणि मग आपापल्या माणसांना विचारतात, "काल त्यांच्याकडे कसली गाडी आली होती?"

बाई गेल्यावर बाबा त्या पत्राकडे बोट दाखवून म्हणाले, "कुणाची तरी पोर घंटी चाटते म्हणून मी तीस वर्षांची टाकी बदलायची?"

त्यांची शिट्टी वाढली होती. मिनिटाला वीसच्या आसपास असावी. मग ते उठून भिंतीपाशी गेले. कुठल्या ओळीसमोर उभे राहिले ते मी पाहिलं, आणि माझ्या कामाला लागले.

मी प्रयोगशाळेत वीस लिटरची तीनची टाकी लावली. पहिल्या पट्ट्या काळपट आल्या, पुढच्या ढगाळ. तीन हट्टी असतं. लोखंडाचा अंश पडला तरी रुसतं. पाचव्या आठवड्यात पट्टी स्वच्छ उतरली. मी ती आणि त्याच सोमवारची सहाची साक्षीपट्टी शेजारी ठेवून बाबांना बोलावलं.

बाबांनी तीनची पट्टी उचलली. खिडकीशी नेली नाही, तिथेच दिव्याखाली धरली. "आजारी दिसते," म्हणाले.

"बाबा, नवी आहे म्हणून. डोळ्याला सवय नाही."

"डोळ्याला नाही, मला नाही." त्यांनी पट्टी खाली ठेवली. "तुझी आई असती तर तिने एका नजरेत सांगितलं असतं."

आई असती तर. हे शब्द त्यांच्या तोंडून मी सहा वर्षांत पहिल्यांदा ऐकले. म्हणावं, मग विचारू या ना, असं ओठांवर आलं होतं. पण काका दारात उभे होते. म्हणाले, "मालक, पट्टी चांगली आहे हो. तुमचं नाक गेलं, आता डोळेही गेले की काय?"

"माझं नाक गेलं असेल, पण अजून वर आहे," बाबा म्हणाले.

"वर आहे म्हणून तर वाफ आधी त्याला लागली," काका म्हणाले आणि बाबा हसायच्या आत निघून गेले.

काका गेल्यावर मी सहज म्हणून बोलले, "ही पट्टी त्या मोकळ्या खिळ्याला टांगू का?"

"तो खिळा मोकळा राहू दे." बाबा एवढ्या हळू बोलले की शिट्टी शब्दांपेक्षा मोठी वाटली.

मी दोन्ही पट्ट्या कापसात गुंडाळून आईला पाठवल्या. कुठली कशाची, ते लिहिलं नाही. रविवारी तिने वाऱ्याचं विचारलं, मग पट्ट्यांवर आली.

"पट्ट्या पाहिल्या. सकाळी दुकानाच्या खिडकीत धरल्या."

"मग?"

"एक माझ्या ओळखीची आहे. त्याच टाकीची. कोपरा अजून उपाशी राहतो, सांग त्यांना. दुसरीशी ओळख करून घेता येईल. वाईट नाही. तोंडावर हसू ठेवून बोलणाऱ्या माणसासारखी आहे, एवढंच. पहिली जरा तुटक."

बाबा समोर होते. फोन कानाशी असला तरी आईचा आवाज खोलीत ऐकू येतो. तिला मोठ्याने बोलायची सवय कारखान्यात लागली, ती गेली नाही. पेपरची कड त्यांच्या बोटांखाली चुरगळली होती.

"कशासाठी केलंस हे?" आईने विचारलं.

"कर लागलाय. आणि गिऱ्हाईकांना चिठ्ठी हवी आहे."

"हं," आई म्हणाली. "करासाठी होय." मग म्हणाली, "मीच बावळट. मी कर लावला नव्हता ना."

ती हसली. ते हसणं मला पुढे बरेच दिवस पुरलं. बाबांनाही ते ऐकू गेलं होतं. त्या दिवसापासून मी तिसऱ्या रकान्याचा विषय काढला की ते उठून जायचे. आधी मला वाटलं, त्यांना टाकी सोडवत नाही. मग लक्षात आलं की अडचण नेमकी उलट होती. टाकी सोडण्याचा हिशोब बसला होता. चिठ्ठीचा वाढीव दर धरला तर तीन वर्षांत खर्च भरून निघत होता. म्हणजे आईने चौदा वर्षांपूर्वी मागितलेली गोष्ट आता फायद्याची झाली होती. आणि ती आता केली तर आयुष्यभर ती फायद्यासाठीच केली असं ठरणार होतं.

हे मी त्यांना विचारलं नाही. काही गोष्टी मोजता येतात, त्या विचारायच्या नसतात.

अशाच एका मंगळवारी सकाळी समोरच्यांकडे गाडी लागली. काका चाक बंद करून दारात गेले. एकेक पिंप उतरत होतं आणि काका मोठ्याने मोजत होते. "हिरव्या झाकणाची. पाच. सहा. ताई, या इकडे. आठ झाली."

तीनचं द्रावण हिरव्या झाकणाच्या पिंपांत येतं. समोरच्यांनी उडी मारली होती.

ते स्वतः पायरीवर उभे होते. बाबांना पाहून त्यांनी नेहमीसारखी मान डोलावली नाही. कप वर उचलून दाखवला. बाबांनीही उचलला. आत येऊन म्हणाले, "कप उचलतोय. जसं काही लग्नच आहे."

"आता हो?" काकांनी विचारलं.

"आता काय? आता ही सांगेल," बाबा माझ्याकडे बघून म्हणाले. "तू पुन्हा हिशोब कर. खरा कर."

मी दोन दिवस घेतले. दोन दिवस लागत नव्हते. दीड तासाचं काम होतं. आकडे मांडून झाल्यावर मी ते पुन्हा मांडले, कुठे तरी माझी चूक निघेल या आशेने. खरेदीवाल्या बाईंना फोन केला. त्या सरळच म्हणाल्या, चिठ्ठीचे दोन पुरवठादार झाले तर वाढीव दर कशाला देऊ? एकाच्या दाराशी गेले की दुसरा दर उतरवेल. आणि सगळेच चिठ्ठीचे झाले की चिठ्ठीला विचारतो कोण? शिवाय अजून पुष्कळ गिऱ्हाईक असं होतं ज्याला स्वस्त, निळसर, बिनचिठ्ठीचा माल हवा होता. समोरचे बदलल्यावर ते सगळं आमच्या दाराशी येणार होतं.

चूक निघाली नाही. दुसरा रकाना सरळसरळ वरचढ होता. शुद्धीकरणाचा संच लावा, कर वाचवा, टाकी ठेवा.

त्या दोन दिवसांत मला एक आकडा थोडासा हलवावासा वाटला. द्रावण किती दिवस टिकेल याचा अंदाज मी थोडा वाढवला असता तर तिसरा रकाना बरोबरीला आला असता. कुणाला कळलं नसतं. काकांना नाही, बाबांना तर नाहीच. आईला मात्र कळलं असतं. तिने कागद तिरका धरला असता आणि म्हटलं असतं, उजवा कोपरा बघ.

शुक्रवारी दुपारी मी कागद बाबांसमोर ठेवला. टाक्या चालू होत्या, पंखा घरघरत होता. मी फक्त आकडे सांगितले आणि थांबले.

"म्हणजे ठेवणं स्वस्त," बाबा म्हणाले.

"हो."

"तुझी खात्री आहे?"

"हो."

"तुला काय हवं होतं?"

सहा वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "तुम्ही खरा हिशोब मागितला होता."

"तो मिळाला. मी दुसरं विचारतोय."

मी दहाव्या टाकीकडे पाहिलं. पांढरे चेंडू पाण्यावर हळूहळू एकमेकांना ढकलत होते. चौदा वर्षांत त्यांचा रंग गूळ लागल्यासारखा झाला होता. "मला घरात तिचा आवाज हवा होता," मी म्हटलं. "फोनशिवाय."

बाबांनी कागद खिशात ठेवला. मी 'बघू'ची वाट पाहिली. ते म्हणाले नाहीत. उठले, टाकीपाशी गेले आणि एक चेंडू बाहेर काढून हातमोज्यात फिरवत राहिले. काका चाकावरून बघत होते. पण तेही गप्प होते, आणि काका गप्प ही आमच्याकडे नोंद करण्यासारखी घटना आहे.

शनिवारी बाबांनी दाढी केली आणि घराच्या खिडक्यांच्या काचा पुसल्या. मला वाटलं, कुणी येणार असेल. कुणी आलं नाही. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "तिच्या दुकानाला सुट्टी कधी असते?"

"रविवारी. म्हणून तर रविवारी फोन करते."

"हां. ते खरंच," म्हणाले. सहा वर्षं समोर बसून त्यांनी हे कधी ध्यानात घेतलं नव्हतं, की घेतलं होतं आणि त्यांना फक्त तिच्याविषयी काहीतरी बोलायचं होतं, हे मला सांगता येणार नाही.

रविवारी ते दहाला दहा मिनिटं कमी असतानाच खुर्चीत येऊन बसले. पेपर हातात होता, पण घडी उलगडलेली नव्हती. हवा कोरडी होती. शिट्टी स्पष्ट होती. मी मोजायला सुरुवात केली आणि सव्वीसला सोडून दिली.

फोन वाजला.

"वारा कुठून आहे?" आईने विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत बाबांनी हात पुढे केला. तो हात मी नीट पाहिला. बोटांच्या सांध्यांवर जुने, भरून आलेले गोल खड्डे. आईच्याही हातावर तसेच दोन आहेत. मी फोन त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो कानाशी धरला आणि काहीच बोलले नाहीत. पलीकडे आईने माझं टोपणनाव दोनदा घेतलं. मग ती थांबली. खोलीत फक्त त्यांचा श्वास होता, आत जाणारा, बारीक वाजणारा.

"तुम्ही आहात होय," आई म्हणाली. तिचा आवाज एरवीपेक्षा खाली आला होता, तरी मला ऐकू येत होता. "अजून वाजतंय."

"वाजतंय," बाबा म्हणाले.

"हवा कोरडी दिसते तिकडे."

"हो. कोरडी आहे."

समोरच्यांच्या कारखान्यातून कुणीतरी लोखंडी नळ ओढत असल्याचा आवाज आला.

"काय झालं? ही बरी आहे ना?"

"बरी आहे. इथेच आहे." बाबांनी पेपर मांडीवरून खाली ठेवला. "समोरच्यांनी बदललं."

"हो का. मग आता तुम्हालाही बदलावं लागेल. चिठ्ठी जाईल नाही तर."

"चिठ्ठी गेलीच. आता वाढीव दर कुणालाच नाही. मुलीने हिशोब केला. टाकी ठेवणं स्वस्त पडतं. दीडपट स्वस्त."

"असं," आई म्हणाली. त्या एका शब्दात तिने चौदा वर्षं परत दुमडून जागेवर ठेवली. "बरं. कोपऱ्याचा दाब तेवढा बघा मग."

"तू ऐकून घे आधी." बाबा उभे राहिले. फोन दोन्ही हातांनी धरला होता. "टाकी ठेवली तरी कर चुकतो. गिऱ्हाईक टिकतं. मला कसलीही अडचण नाही. कुणी मागितलेलं नाही. ये असंही मी म्हणत नाही, तो तुझा प्रश्न. मला फक्त तुला सांगायचं आहे, दुसऱ्या कुणाला सांगायच्या आधी."

बाबांनी श्वास आत घेतला. तो संपेपर्यंत शिट्टी वाजली, आणि मग थांबली.

"अगं, टाकी बंद करतोय."